आमची ओळ पलीकडच्या वॉर्डात

आईचे ब्लाउज शिवणाऱ्या दीदी आमच्याकडे आल्या, तेव्हा आई जाऊन दीड-दोन वर्षं झाली होती. दार बाबांनी उघडलं. मी आत कणीक मळत होते. बराच वेळ कुणाचाच आवाज आला नाही म्हणून हात पुसत बाहेर आले, तर उंबऱ्याच्या अलीकडे बाबा आणि पलीकडे त्या, दोघंही नुसते उभे. आई गेल्यावर बाबा त्यांच्या दुकानावरून एकदाही गेले नव्हते. वाटेत नाल्यावरची छोटी पुलिया लागते, तिथूनच ते परत फिरायचे.

आमची कॉलनी साकेत नगरच्या पलीकडे. कॉलनीच्या एका अंगाला नाला आहे, नाल्यावर छोटी पुलिया, आणि पुलिया ओलांडली की वस्ती सुरू होते. वस्तीच्या तोंडाशीच दीदींचं शिवणाचं दुकान. त्यांचे यजमान ऑटो चालवतात. आईशी त्यांची ओळख ब्लाउजच्या मापावरून झाली आणि मग मापं राहिली बाजूला. गुडघे चालत होते तोवर आई दुपारी तिथे जाऊन बसायची. दीदी मशीन चालवायच्या, आई काजं करून द्यायची. कॉलनीतल्या मराठी बायकांचं ऐकून दीदी तिला ‘काकू’ म्हणायला लागल्या होत्या. आई शेवटच्या आजारात फार वाळली. तेव्हा कुणी न सांगता त्या घरी येऊन तिचे ब्लाउज घेऊन जायच्या आणि आत टाके घालून लहान करून आणायच्या. तीनदा केले त्यांनी. दरवेळी आईला म्हणायच्या, की कापडच सैल पडलंय, धुऊन धुऊन.

त्या दिवशी दीदींचं काम बाबांकडेच होतं. बाबा कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष. तरुणपणी पुण्याहून हिंदी मुलखातल्या या शहरात, इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले, निवृत्त झाले आणि इथेच राहिले. मी हॉस्पिटलजवळच्या एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासायचं काम करते. घरात आम्ही दोघंच.

दीदी बसल्या, पाणी प्यायल्या आणि थेट विषयाला आल्या. वॉर्डांच्या हद्दी नव्याने ठरत होत्या. पुण्याची मंडळी याला प्रभागरचना म्हणतात, इथे सगळे परिसीमन म्हणतात. मसुदा लागला होता आणि ज्याची हरकत असेल त्याने लेखी द्यायची, मग सुनावणी. दीदींची हरकत होती. त्यांच्या वस्तीच्या मधोमध एक गल्ली जाते. मागच्या वेळी वॉर्डाची हद्द त्या गल्लीतून गेली होती, आणि नव्या मसुद्यातही तिथूनच जात होती. गल्लीच्या डाव्या हाताची घरं आमच्या वॉर्डात, उजव्या हाताची पलीकडच्या.

मागच्या निवडणुकीत दीदी अपक्ष उभ्या राहिल्या होत्या, हे मला माहीत होतं. आईने त्यांच्यासाठी घरोघरी फोन केले होते. पण त्या का हरल्या, हे मी कधी विचारलं नव्हतं. आता त्यांनी सांगितलं. त्यांच्या सासूबाई, त्यांची नणंद, त्यांच्याकडे शिवण शिकून गेलेल्या निम्म्या मुली, सगळ्या गल्लीच्या उजव्या हाताला राहतात. त्या प्रचाराला रोज बरोबर यायच्या. मत मात्र कुणालाच देता आलं नाही.

“काका,” त्या बाबांना म्हणाल्या, “आधी बस्ती इधर, आधी उधर. न इधर किसी को हमारी जरूरत है, न उधर.”

बाबांनी त्यांना सांगितलं, की अर्ज लिहून देतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुलियावरून पलीकडे गेले. मीही बरोबर गेले, कारण ते एकटे जाऊ नयेत असं मला वाटलं. दीदींनी आम्हाला ती गल्ली दाखवली. दोन माणसं समोरासमोरून आली तर एकाने अंग चोरावं लागतं, एवढीच ती रुंद. मधे एक सार्वजनिक नळ. तो मोडला, की डावीकडचे लोक आमच्या पार्षदाकडे जायचे आणि उजवीकडचे त्यांच्या. नगरसेवकाला इथे पार्षद म्हणतात. दोघेही सांगायचे, की नळ त्या बाजूच्या हद्दीत येतो. एका म्हातारीने बाबांना हात धरून नळापाशी नेलं आणि विचारलं, की तुम्ही इंजिनिअर आहात ना, मग सांगा, हा नळ कुणाच्या वॉर्डात? बाबांनी खाली वाकून पाहिलं. खरंच काही सांगता येत नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. मला वाटलं होतं, की अर्ज सोपा आहे: उजवी बाजूही आमच्या वॉर्डात घ्या, संपलं. बाबांनी मला समजावलं, की तसं होत नाही. सगळ्या वॉर्डांची लोकसंख्या साधारण सारखी असावी लागते, नाहीतर एका ठिकाणचं मत हलकं होतं आणि दुसरीकडचं जड. अख्खी वस्ती आमच्या वॉर्डात घेतली तर आमचा वॉर्ड फुगणार. मग तितकीच माणसं आमच्यातून काढून पलीकडे द्यावी लागणार.

“म्हणजे कुणाला?” मी विचारलं.

बाबांनी पेन्सिलीचं टोक नकाशावर ठेवलं. कॉलनीच्या मागच्या भिंतीला लागून बंगल्यांच्या काही ओळी आहेत. भिंतीपलीकडे दुसरा वॉर्ड. त्या ओळी तिकडे गेल्या तर हिशेब जुळत होता. त्यातल्या पहिल्याच, मधल्या रस्त्यालगतच्या ओळीत आमचं घर होतं.

मी म्हटलं, “बाबा, मग आपल्याला दीदींना मत देता येणार नाही.”

“नाही येणार,” ते म्हणाले, आणि पेन्सिल खोडरबराशेजारी नीट ठेवून हात धुवायला गेले.

कॉलनीच्या समितीची बैठक पार्कातल्या हॉलमध्ये झाली. समितीचे चिटणीस म्हणजे बाबांचे सर्वांत जुने मित्र. कारखान्यात एकाच विभागात होते दोघं. कॉलनीत प्लॉटही एकदमच घेतले. त्यांचा पुढच्या ओळीत, आमचा मागे. रोज पहाटे दोघं मिळून फिरायला जायचे, रविवारी बिट्टन मार्केटला भाजीला. मी त्यांना काका म्हणत मोठी झाले. बाबांनी आपली सूचना मांडली तेव्हा हॉलमध्ये आधी हसू फुटलं. लोकांना वाटलं, अध्यक्षसाहेब थट्टा करतायत. मग कुजबुज वाढली. पार्क एका वॉर्डात आणि घरं दुसऱ्यात, गणपतीच्या मंडपाची परवानगी कुणाकडे मागायची, रस्त्याचं डांबर अर्ध्यावर थांबेल, असं एकेकजण बोलू लागला. कुणी वाईट माणूस नव्हता त्यात. आपलं घर कापलं जातंय म्हटल्यावर कुणीही बोलेल तेच ते बोलत होते.

चिटणीस काकांनी एक तोड सुचवली. वस्ती एकत्रच ठेवायची असेल तर अख्खी पलीकडच्या वॉर्डात टाका. कॉलनीला हात लावायची गरजच नाही. बाबा म्हणाले, की तेही नकाशावर करून पाहिलंय. तसं केलं तर तिकडच्या टोकाची क्वार्टर्स त्या वॉर्डातून तोडावी लागतात. “त्या लोकांना आपण विचारलंही नाही. दुसऱ्यांची घरं कापा, असं मी कोणत्या तोंडाने सांगू? आपण इथे बसलोय, आपल्याला विचारता येतंय.”

यावर काका चिडले. इतक्या वर्षांत मी त्यांना बाबांवर आवाज चढवताना पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, “वहिनींच्या टेलरसाठी तू कॉलनी कापायला निघालास?”

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ते म्हणाले, “हो. तिच्यामुळेच मला ती गल्ली दिसली. नाहीतर मी पुलियावरून परत फिरत होतो.” ‘तिच्यामुळे’ म्हणजे आईमुळे की दीदींमुळे, हे मी त्यांना पुढेही कधी विचारलं नाही.

ठराव पडला. बाबांनी तिथेच अध्यक्षपदाचा राजीनामा दिला, कारण समितीच्या नावाने आता त्यांना बोलता येणार नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून काका फिरायला यायचे थांबले. बाबा फाटकाशी थोडा वेळ थांबायचे आणि मग एकटेच निघायचे.

सुनावणीला आम्ही तिघं गेलो, बाबा, दीदी आणि मी. दीदींनी ठेवणीतली साडी नेसली होती. मोठी खोली, भिंतीला लागून कूलर आणि बाकांवर गर्दी. ऐकून घ्यायला एक अधिकारी बाई होत्या, वयाने माझ्याहून लहान. आमच्या आधी बरेच जण बोलले. कुणाला आपली गल्ली जुन्याच वॉर्डात हवी होती, कुणाला आपल्या माणसांचे मोहल्ले एकत्र हवे होते. प्रत्येकाच्या बोलण्यामागे कोणता उमेदवार आहे हे त्या बाईंना कळत असावं, कारण त्या चेहऱ्यावर काहीच न दाखवता लिहून घेत होत्या.

दीदींनी आपलं म्हणणं मांडलं. फार छान बोलल्या. नळाचं सांगितलं, गल्लीचं सांगितलं. स्वतः निवडणुकीला उभ्या राहिल्या होत्या हेही लपवलं नाही. अधिकारी बाई म्हणाल्या, की तुमचं दुःख कळतं, पण लोकसंख्येचा मेळ बसवायला रेघ कुठून तरी न्यावीच लागते. तुमच्याइथून काढली, तर दुसऱ्या कुणाच्या तरी दारातून जाईल, आणि मग ते इथे येऊन बसतील.

तेव्हा बाबा उठले. त्यांचं हिंदी अजूनही पुण्याचंच आहे, कामापुरतं आणि थोडं ताठ.

“मॅडम, काटना ही है तो हमारी कॉलनी काटिए,” ते म्हणाले.

बाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. त्यांनी विचारलं, की तुम्ही कॉलनीतर्फे आलात की वस्तीतर्फे? बाबा म्हणाले, की कुणातर्फेही नाही, माझ्यातर्फे आलोय. कॉलनीला हे मान्य नाही, तेही लिहून घ्या. मग त्यांनी नकाशा समोर ठेवला आणि आमच्या ओळी दाखवल्या. आमच्या घरी नळ आहे, ते म्हणाले. आमच्यातल्या कुणाचा भाऊ कुठल्या ऑफिसात आहे, कुणाचा जावई कुठे. आमची कॉलनी दोन वॉर्डांत गेली तर दोन्ही पार्षद आमचे फोन उचलतील. वस्ती दोन वॉर्डांत गेली, की एकही उचलत नाही. रेघ सारखीच असते, पण ती आम्हाला नुसती ओलांडून जाते आणि त्यांना चिरून जाते.

बाईंनी नकाशा ठेवून घेतला. कबूल काहीच केलं नाही. बाहेर आल्यावर दीदी जिन्यात थांबल्या आणि बाबांना म्हणाल्या, की हे तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं, काकूंचं घर वॉर्डातून बाहेर काढायला मी सांगितलं नसतं. बाबांनी त्यांना समजावलं, की घर जागच्या जागीच राहणार आहे. तरी त्या रडल्या. जवाहर चौकात थांबून आम्ही तिघांनी कचोरी खाल्ली, तेव्हा कुठे त्या हसल्या.

काही आठवड्यांनी अंतिम हद्दी लागल्या. आणखी कुणी तेच सुचवलं होतं, की बाबांच्या नकाशाने काम केलं, हे आम्हाला कधी कळलं नाही. पण वस्ती अख्खी आमच्या जुन्या वॉर्डात आली होती आणि आमच्या ओळी पलीकडे गेल्या होत्या. हद्द कॉलनीच्या मधल्या रस्त्यावरून गेली. चिटणीस काकांचं घर त्या बाजूला, आमचं या बाजूला. दोन्ही घरांच्या खिडक्या एकमेकांना दिसतात.

ते महिने जरा जडच गेले. वाईट कुणी वागलं नाही, पण बाबांना कुणी काही विचारेनासं झालं. पूर्वी पाण्याच्या मोटारीपासून मुलांच्या ॲडमिशनपर्यंत सगळ्यासाठी लोक यायचे. आता दुपारी बेल वाजायची नाही. संध्याकाळी मी लॅबमधून आले, की ते दिवसभरातलं काहीतरी सांगायला शोधायचे आणि सापडायचं नाही. एकदा मी त्यांना विचारलं, की पस्तावलात का? ते म्हणाले, “पस्तावलो नाही. पण करमत नाही.” मी त्या रात्री पिठलं केलं. त्यांना आवडतं म्हणून. दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही.

दीदी पुन्हा उभ्या राहिल्या. शिलाई मशीन हे चिन्ह त्यांना हवं होतं, मिळालं टेबल फॅन. त्यावरही त्या हसल्या, म्हणाल्या, उन्हाळ्यात लोकांना मशीनपेक्षा पंखाच आठवेल. बाबा त्यांच्या प्रचारात गेले नाहीत. ज्या वॉर्डात आपलं मत नाही तिथे जाऊन मतं मागणं त्यांना बरोबर वाटत नव्हतं. पण घरी बसून त्यांची पत्रकं तपासून द्यायचे, आणि बाबांच्या हिंदीतल्या चुका दीदी नंतर सुधारून घ्यायच्या.

मतदानाच्या दिवशी आम्ही दोघं नव्या केंद्रावर गेलो. भिंतीला वळसा घालून जावं लागतं. तिथली शाळा मी आधी पाहिलेली नव्हती. रांगेत ओळखीचं कुणी नव्हतं. बाबांनी उमेदवारांची नावं आधी वाचून ठेवली होती आणि प्रत्येकाबद्दल थोडीफार चौकशीही केली होती. कुणाला मत दिलं ते त्यांनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बोटाची शाई वाळेपर्यंत हात हवेत धरून ते चालत राहिले.

संध्याकाळी बेल वाजली. दारात चिटणीस काका होते. कितीतरी महिन्यांनी आले होते. आत या म्हटलं तरी ते उंबऱ्यातच थांबले. बाबा उठून पुढे गेले. काका म्हणाले, “तुझं मत मी टाकून आलो.”

बाबांना आधी कळलं नाही. मलाही नाही. काकांनी आपलं शाईचं बोट दाखवलं आणि म्हणाले, “पंख्याला. तुला तिकडे जाऊन देता आलं नसतं, म्हणून मी दिलं. आता चहा देणार आहेस का?”

बाबांनी काकांचा हात धरून त्यांना आत आणलं आणि सोफ्यावर बसवलं, लहान मुलाला बसवतात तसं. मी स्वयंपाकघरात गेले आणि गॅस पेटवायला मला तीन वेळा लायटर दाबावा लागला, कारण डोळ्यांपुढे धूसर झालं होतं. बाहेरून दोघांचा आवाज येत होता. काकांना आपल्या पाठदुखीबद्दल सांगायचं होतं. कारखान्यातल्या कुणाचा तरी मुलगा परदेशी गेला होता. त्या बैठकीबद्दल कुणीच काही बोललं नाही.

दीदी हरल्या. वस्तीतूनच आणखी दोघं उभे राहिले होते, एका पक्षाने तर वस्तीतलीच उमेदवार दिली होती, कारण आता तिथल्या मतांना वजन आलं होतं. ती निवडून आली. निकालानंतर दोन-तीन दिवसांनी मी दुकानात गेले, तेव्हा दीदी शाळेच्या युनिफॉर्मच्या ढिगामागे बसल्या होत्या. मी त्यांचं सांत्वन करायला गेले होते, पण त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि मशीन थांबवून म्हणाल्या, “इस बार अपने लोगों ने हराया है. लकीर ने नहीं.” त्या रागाने म्हणाल्या नाहीत. आपल्याला कुणी हरवलं हे तरी कळलं, असा काहीसा तो सूर होता. मग म्हणाल्या, की मागच्या वेळी मला झोपच लागली नव्हती, या वेळी लागली.

निवडून आलेली बाई गल्लीत राहते, त्यामुळे नळ तिच्याही दारातून दिसतो. तो महिन्याभरात बदलला. पावसाळ्याआधी नाल्याची सफाईही झाली. सगळं सुधारलं असं नाही. दीदींचं आणि तिचं काही फार जमत नाही, आणि दीदी दर आठवड्याला तिच्याकडे काहीतरी तक्रार घेऊन जातात. ती ऐकून घेते. न ऐकून करणार काय? पुढच्या वेळीही मतं याच लोकांकडे मागायची आहेत, हे तिला माहीत आहे.

बाबा आणि काका पुन्हा पहाटे फिरायला जातात. संध्याकाळी मात्र बाबांनी नवीन सवय लावून घेतली आहे. मागच्या भिंतीच्या पलीकडे, आमच्या नव्या वॉर्डात एक छोटा बगीचा आहे. तिथे काही म्हातारी मंडळी जमतात. पहिले काही दिवस बाबा कडेच्या बाकावर बसायचे. एकदा मी त्यांना आणायला गेले, तर ते चौघांच्या मधे बसले होते आणि कुणीतरी त्यांना विचारत होतं, की इकडे कधी राहायला आलात, कुठे आहे घर. भिंतीच्या वर आमच्या गच्चीतली पाण्याची टाकी दिसत होती. बाबांनी बोट दाखवलं.

“वो रहा,” ते म्हणाले. “मैं यहाँ नया हूँ.”